बारवेला परत दिलेला घोट

एक होता राजा. पण गोष्ट राजाची नाही बरं का! राजा आपला बसू दे सिंहासनावर. आपली गोष्ट आहे त्याच्या वेशीवरच्या गिरजाची. ठमे, पाय आखडून घे, बारक्याला जागा दे. हं, आता ऐका.

राजाच्या गावाचं नाव उंबरवेस. मुलुख कोरडा, पाऊस आला तर आला. गावात पाण्याची एकच जागा, ती म्हणजे वेशीला लागून असलेली बारव. पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी मोठ्ठी दगडी विहीर. म्हणून गावाची रीत अशी होती की पेला ओठाला लावला की तळापर्यंत रिकामा करायचा. थेंब सांडला तर एवढंसं पोरसुद्धा कान पकडायचं. पाणी म्हणजे देव, आणि देवाला का कुणी मातीत लोळवतं?

तर ही गिरजा वेशीवर बसायची. येईल त्या पाहुण्याला गूळ-पाणी द्यायची, ओट्यावर विसावा घ्यायला सांगायची. राजानं तिला हे काम दिलं होतं आणि ती ते जीव लावून करायची. पेला असा घासायची की त्यात तोंड दिसावं! आणि ऐट तरी केवढी! म्हणायची, "पाहुणचार करावा तो उंबरवेसनं. बाकीच्या जगाला काय कळतंय?" खरं तर बाकीचं जग तिनं पाहिलंच नव्हतं. वेशीच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं असेल तर शपथ.

मग एकदा काय झालं, भर उन्हात एक म्हातारा आला. निळं पागोटं, अंगात पायघोळ झगा, पायांतल्या वहाणा फाटून चिंध्या झालेल्या. बोली अशी की अक्षर कळेल तर हराम. गिरजानं हसून गूळ-पाणी दिलं. म्हातारा घटाघटा प्यायला. आणि शेवटचा घोट राहिला तेव्हा त्यानं काय करावं? पेला वाकडा केला आणि तो घोट सरळ मातीत ओतला!

गिरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे मेल्या, तोंडचं पाणी मातीत घालतोस?" तिनं त्याच्या हातातून पेला हिसकावला. म्हातारा ओट्यावर टेकणार होता, त्याला टेकूसुद्धा दिलं नाही. हातानं वाट दाखवली. म्हातारा हात जोडून तसाच उन्हात निघून गेला. गिरजा मात्र गावभर सांगत सुटली, कसं त्या अडाण्याला हाकललं म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बारव आटली.

हो! ठणठणीत कोरडी. बायका घागरी घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. राजवाड्यातल्या रांजणात जे होतं तेवढंच पाणी. राजानं ते घरोघरी वाटीवाटीनं वाटायला काढलं. पण रांजण तो रांजण, किती पुरणार? ते संपलं की गाव सोडायचं, दुसरा इलाज नव्हता. गिरजाची लेक बकुळ लहान होती. तिचे ओठ सुकले, कोपऱ्यात फुटले. ती रडायचीसुद्धा नाही, नुसती आईच्या मांडीवर पडून राहायची. गिरजाच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

मग गिरजा उठली आणि बारवेत उतरली. तळाशी बसून म्हणाली, "बारवेआई, काय चुकलं गं आमचं?"

आणि बारव बोलली! म्हाताऱ्या बाईसारखा खोल आवाज. "गिरजे, पिढ्यान् पिढ्या तुम्ही माझं पाणी पीत आलात. परवा पहिल्यांदा कुणीतरी मला एक घोट परत दिला. आणि तू त्याला उन्हात हाकललंस. मला आता पाझर फुटेना, बाई."

गिरजा ताडकन उठली. लपवालपवी नाही केली हं तिनं. सरळ राजाकडे गेली आणि भर सभेत म्हणाली, "महाराज, गाव तहानलंय ते माझ्यामुळं. त्या म्हाताऱ्याला मी शोधून आणते." राजा भला होता. म्हणाला, "जा गिरजाबाई. रांजण पुरवून पुरवून वापरतो. तोवर ये म्हणजे झालं."

बकुळीला शेजारणीच्या ओटीत ठेवून गिरजा पुन्हा बारवेत उतरली. तळाशी तीन दारं होती. एरवी पाण्याखाली असायची, म्हणून कुणी पाहिली नव्हती. बारव म्हणाली, "म्हातारा मुलुखोमुलुख फिरतो, या दारांनी गेलीस की गाठशील त्याला. आणि हे शेवाळ कानात घाल. कुठलीही बोली कळेल, तुझीही त्यांना कळेल. पण रीत नाही कळायची हं. ती तुझी तुला शिकावी लागेल." गिरजानं शेवाळ कानात घातलं आणि पहिलं दार ढकललं.

पहिल्या दारापलीकडे बर्फच बर्फ. गिरजाचे दात कडकड वाजायला लागले. एका लाकडी घरात तिला बोलावलं, चुलीपुढे बसवलं, समोर वाफाळत्या कढणाचा वाडगा ठेवला. आणि मग घरातली सगळी माणसं, म्हातारी, सुना, पोरं, तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसली!

आता सांगा, आपल्याकडे पाहुण्याला असं पाठ फिरवून बसतात का? गिरजाचा चेहरा लाल झाला. वाडगा तसाच ठेवून ती उठली. तशी म्हातारी भिंतीकडेच बघत म्हणाली, "का गं बाई, आवडलं नाही? वाटसरू भुकेला असतो. दोन्ही हातांनी खातो, हनुवटीवरून ओघळतं. लोक बघत असले की लाजतो आणि अर्धपोटी उठतो. म्हणून आम्ही बघत नाही. खा पोटभर."

गिरजा खाली बसली. दोन्ही हातांनी खाल्लं आणि हनुवटीवरून ओघळलंही. कुणीच पाहिलं नाही. आपण पाहुण्याच्या मागे लागतो, अजून एक घ्या, अजून एक घ्या, आणि ही माणसं पाठ फिरवतात. पण दोघांनाही वाटतं काय, तर त्याचं पोट भरावं. निघताना तिनं निळ्या पागोट्याचं विचारलं. म्हातारी म्हणाली, "येऊन गेला की! शेवटचा घोट बर्फात ओतून गेला. म्हटलं, असेल त्याची काहीतरी रीत." गिरजानं मान खाली घातली, आणि बारवेत माघारी येऊन दुसरं दार ढकललं.

दुसऱ्या दारापलीकडे समुद्र. मधोमध बेट, बेटावर माडच माड. एका कोळणीनं तिला अंगणात बसवलं आणि केळीच्या पानावर खोबऱ्याचा भात वाढला. गिरजा घास घेणार, तेवढ्यात त्या बाईनं तिच्याच पानातला पहिला घास उचलून आपल्या तोंडात घातला! वर तिच्याच करवंटीतलं पाणीही चाखलं.

"अगं बाई, उष्टं!" गिरजानं पान दूर सारलं. बारक्या, हसतोस काय? तूही नाही खात ठमीचं उष्टं, ठाऊक आहे मला.

कोळणीचे डोळे भरून आले. म्हणाली, "ताई, आमच्या बेटावर फार पूर्वी एकानं पाहुण्याला विष घातलं. तेव्हापासून पहिला घास घरच्या बाईनं खायचा. माझ्या जिवाला चालला, म्हणजे तुझ्याही जिवाला धोका नाही. उष्टं नाही गं ते, शब्द आहे माझा."

गिरजाला एकदम बकुळ आठवली. तिला तापात कडू काढा द्यायचा झाला की गिरजा आधी स्वतः चाखायची, चटका तर बसत नाही ना म्हणून. तिनं पान जवळ ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा परक्या बाईच्या तोंडचं खाल्लं, आणि काय सांगू, पानात शीतसुद्धा ठेवलं नाही. मग तिनं म्हाताऱ्याचं विचारलं तशी कोळण म्हणाली, "निळं पागोटं ना? वाळूत राहतो तो. आता घरी पोचला असेल." गिरजानं बारवेत माघारी येऊन तिसरं दार ढकललं.

तिसऱ्या दारापलीकडे नुसती वाळू. ऊन असं की डोळे उघडवेनात. गिरजा चालली, चालली, आणि एका तंबूपाशी येऊन कोसळलीच. कुणीतरी तिला सावलीत नेलं, पाणी पाजलं. तिला झोप लागली. जागी होऊन बघते तर पायाशी वहाणाच नाहीत!

"चोर! चोर!" गिरजा ओरडत उठली. आता अनवाणी त्या वाळूतून जायचं कसं? आणि वहाणा काखेत मारून आत कोण आलं असेल?

निळं पागोटं! तोच म्हातारा. गालातल्या गालात हसत होता. "लेकी, चोरल्या नाहीत, लपवल्या. आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्या वहाणा लपवतात, म्हणजे तो न जेवता पळत नाही. आणि तेवढ्यात तेल लावून मऊ करून ठेवतात." त्यानं वहाणा तिच्या पायाशी ठेवल्या. वहाणेचा तुटलेला अंगठासुद्धा शिवला होता.

गिरजाला त्याच्या त्या चिंध्या झालेल्या वहाणा आठवल्या. तिला रडूच फुटलं. "बाबा, मी तुम्हाला टेकूसुद्धा दिलं नाही हो! मला क्षमा करा. पण तुम्ही ते पाणी का सांडलंत?"

"सांडलं नाही, लेकी. दिलं. ती माय आपल्याला एवढं देते, आपण तिला एक घोट परत द्यायचा. आमच्याकडे पाणी म्हणजे देव."

"अहो, आमच्याकडेही देवच! म्हणून तर आम्ही थेंब सांडू देत नाही, तळापर्यंत पितो."

हे ऐकून म्हातारा असा हसला, असा हसला, की त्याचं पागोटं सुटलं. "म्हणजे तू देवासाठी भांडलीस आणि मीही देवासाठीच शिव्या खाल्ल्या! मला तेव्हाच विचारलं असतंस तर?"

गिरजानं मग गाव कसं तहानलं ते सांगितलं. म्हातारा तिथल्या तिथे उठला. बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही, अशी त्यांची रीत होती. आणि काय गंमत, आपलीही तीच!

दोघं बारवेतून वर आली तेव्हा सगळं गाव काठावर जमलं होतं. गाड्या जुंपल्या होत्या. रांजण संपला होता. राजाच्या हातात शेवटचा एक तांब्या. त्यानं तो गिरजाला दिला. गर्दीतून कुणी म्हणालं, "शेवटचं पाणी परक्याला?" गिरजा म्हणाली, "पाहुणा आहे. हाकलला तेव्हाही पाहुणाच होता." आणि तिनं म्हाताऱ्याला ओट्यावर बसवलं. आधी बसवलं हं, मग पाणी.

दोन पेले भरले. एक म्हाताऱ्याला, एक बकुळीला. सगळे माना उंचावून बघायला लागले. हा आता शेवटचा घोट ओतणार की काय? म्हातारा प्यायला, प्यायला, आणि तळापर्यंत प्यायला. पेला उलटा करून दाखवला, एक थेंब नाही! उंबरवेसची रीत त्यानं पाळली.

बकुळ प्यायली आणि शेवटचा घोट आईपुढे धरला. "आई, तू पी." गिरजाचा घसा तहानेनं कोरडा पडला होता. गावातलं शेवटचं पाणी ते. गिरजानं पेला हातात घेतला, लेकीकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि खाली वाकून तो घोट बारवेच्या पायरीवर हलकेच ओतला. "घे माय," ती म्हणाली, "उशीर झाला आम्हाला."

आणि मग? गुडगुड, गुडगुड! आधी आवाज आला, मग दगड ओले झाले, मग एकेक पायरी बुडवत पाणी वर आलं. पोरं नाचायला लागली, बैल माना ताणून पाण्याकडे ओढ घ्यायला लागले, राजा तर जोड्यांसकट पाण्यात उतरला! बकुळ ओंजळी भरभरून प्यायली. गिरजा ओट्यावर म्हाताऱ्याच्या पायाशी बसून हसत होती, रडत होती. ती म्हणाली, "बाबा, मला वाटायचं माझं गाव चांगलं, कारण बाकीचं जग अडाणी. आता वाटतं, अशा चांगल्या जगातलं माझं गाव आहे. मला आता उंबरवेसचा जास्तच अभिमान वाटतोय बघा."

म्हातारा चार दिवस राहिला. त्याला लवकर जाताच आलं नाही, कारण बकुळीनं त्याच्या वहाणा लपवल्या होत्या!

तेव्हापासून उंबरवेसच्या वेशीवर गिरजा गूळ-पाणी द्यायची ती आधी विचारून. "पाहुणं, तुमच्याकडं कशी रीत असते?" कुणी पाठ फिरवा म्हणायचं, ती पाठ फिरवायची. कुणी पहिला घास खा म्हणायचं, ती खायची. दूरदूरच्या मुलुखात लोक सांगायचे, पाहुणचार करावा तो उंबरवेसनं. हेच ती आधी स्वतः सांगत होती ना? आता जग सांगत होतं.

बारवेचं पाणी पुन्हा कधी आटलं नाही. राजा सुखात, गिरजा सुखात, बकुळ सुखात, वाळूतला म्हातारा सुखात. आता तुम्ही दोघं डोळे मिटा आणि सुखात झोपा. उशाशी तांब्या भरून ठेवलाय. प्यायलात तर तळापर्यंत प्या, नाहीतर शेवटचा घोट सकाळी अबोलीच्या कुंडीत घाला. मोरीत ओतलेला दिसला तर माझ्याशी गाठ आहे!