वळकटीची निरगाठ

“...पण मूल शिबिराला पाठवण्याआधी आईबापांनी नेमकं काय माहीत करून घ्यायला हवं, आक्का?”

आक्का फणस फोडत होत्या. कोपरापर्यंत खोबरेल चोपडलेलं, पुढ्यात विळी, शेजारी गऱ्यांनी अर्धी भरलेली परात. त्यांनी मान वर केली नाही.

आता, हा प्रश्न विचारणारे धनपाल मगदूम सर काही अडाणी गृहस्थ नव्हते. इचलकरंजीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. पालकसभेत बोलायला उभे राहिले की चहा दोनदा गरम करावा लागे, अशी ख्याती. प्रश्न विचारला खरा, पण उत्तर त्यांच्या पिशवीतच होतं. उन्हाळी शिबिराला मुलं पाठवणाऱ्या आईबापांसाठी त्यांनी एक पुस्तिका लिहिली होती. एकवीस कलमं. तिला आक्कांचे दोन शब्द पाहिजेत, म्हणून ते घाट चढून चिंचणवाडीला आले होते.

निदान बायकोला तरी त्यांनी असंच सांगितलं होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. त्यांची दहा वर्षांची श्रुतिका आठ दिवसांपासून इथे होती, जन्मात पहिल्यांदा घराबाहेर, आणि सरांना घरात करमत नव्हतं. जेवताना तिचा पाट रिकामा दिसला की ते अर्ध्या जेवणावरून उठायचे. पण पंधरा दिवस आईबापांनी इकडे फिरकायचं नाही, हा आक्कांचा एकच नियम. मुख्याध्यापकानं नियम मोडायचा तर तसंच अब्रूदार निमित्त लागतं. पुस्तिका बरी होती.

द्वारकाआक्कांबद्दल सांगायचं तर फार काही नाही. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. निवृत्त झाल्यावर दर मे महिन्यात भावाच्या काजूच्या बागेत तीस पोरं गोळा करायच्या. पोरांनी आपलं ताट आपण घासायचं, आपले कपडे आपण धुवायचे, आणि दुपारी झाडावर चढायचं. व्याख्यान कधी दिलं नाही. तरी लोक लांबून विचारायला यायचे, आणि बरेचदा तोंड पाडून परत जायचे.

“वाचा की,” आक्का म्हणाल्या.

सरांनी चष्मा चढवला. कलम एक, प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव घाला. कलम दोन, औषधांची चिठ्ठी सोबत द्या. नवीन चपला देऊ नका, पायाला लागतात. निरोप देताना डोळ्यांत पाणी आणू नका. असं करत करत ते नवव्या कलमावर आले, आणि तिथे त्यांचा आवाज आपोआप चढला.

“कलम नऊ. कुणाला त्रास द्यायचा नाही, आपलं आपण निभवायचं, हे मुलाच्या मनावर घरूनच बिंबवून पाठवा.”

आक्कांचा हात थांबला.

“ते परत एकदा वाचा.”

सरांना वाटलं, आवडलं. त्यांनी ते परत वाचलं, सावकाश, आणि वर पुरावाही जोडला. म्हणाले, दुसऱ्याचं कशाला, आमच्या श्रुतिकाचंच बघा. चौथ्या दिवशी टाकलेलं तिचं कार्ड परवा आलं. ‘मी मजेत आहे. मी कुणाला काही त्रास देत नाही.’ एवढंच. शिक्षकांच्या खोलीत मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

हे खरं होतं. दोनदा वाचून दाखवलं होतं.

“आता तुम्ही सांगा आक्का, याहून आणखी आईबापांना काय माहीत पाहिजे?”

आक्कांनी हातातला गरा परातीत टाकला. मग म्हणाल्या, “माझे हात चिकानं भरलेत. एक काम करता? आत कोपऱ्यात वळकटी आहे. तेवढी आणून सोडून द्या.”

सर उठले. मनातून जरा खट्टू झाले. दोन शब्द मागायला आलेल्या माणसाला कुणी हमाली सांगतं का? पण थोरामोठ्यांचं असंच असतं, म्हणून आत गेले. आतल्या अंधारात काही नीट दिसलं नाही. वळकटी उचलून त्यांनी ओसरीवर आणली आणि उजेडात ठेवली.

निळी नायलॉनची दोरी. हिरव्या पट्ट्यांची सतरंजी. आणि कडेला, ठसठशीत अक्षरात, त्यांच्याच हातचं, ‘कु. श्रुतिका धनपाल मगदूम’. कलम एक.

“ही...” सर म्हणाले. “ही अजून बांधलेलीच कशी?”

“आधी सोडा.”

सर मांडी घालून बसले. वळकटी त्यांनीच बांधली होती. तीन ठिकाणी आवळून, वर गुडघा रोवून, एकावर एक निरगाठी मारल्या होत्या. बायको म्हणालीही होती, अहो, सुरगाठ मारा, पोरीला एका ओढीत सुटली पाहिजे. त्यावर ते म्हणाले होते, आणि गाडीच्या टपावरून सुटून पडली म्हणजे?

तसं एकदा झालं होतं. सर अकरा वर्षांचे असताना, वसतिगृहात जाताना, एस्टीच्या टपावरून त्यांची वळकटी खाली टाकली आणि भर स्टँडवर ती उलगडली. आतली ठिगळांची गोधडी, आजीचं जुनं लुगडं, सगळं उघड्यावर. पोरं वर्षभर ‘ठिगळ’ म्हणून हाक मारायची. त्यानंतर मगदूम सरांनी आयुष्यात कधी सुरगाठ मारली नाही. कुणाकडे काही मागितलंही नाही.

तीनपैकी एक गाठ सुटलेली होती. उरलेल्या दोन त्यांनी नखांनी उकलायला घेतल्या. गाठ हलेना. आठ दिवसांत नायलॉन असं बसलं होतं की दगड बरा. त्यांनी दात लावले. दात शिवशिवले. वळकटी पायात धरली, इकडून ओढली, तिकडून ढकलली. बोटं लाल झाली. कपाळावरचा घाम चष्म्यावर उतरला.

ओसरीच्या खांबाला एक दाभण टोचून ठेवलेला होता. काजूची पोती शिवायचा, चांगला वीतभर लांब. सरांना तो बसल्या बसल्या दिसला होता. हात लांबवला असता तरी पोचला असता, फक्त ‘घेऊ का’ एवढं म्हणायचं होतं.

ते म्हणाले नाहीत. समोर आक्का निवांत गरे काढत होत्या.

अर्धी परात होती ती भरत आली. सर अजून गाठीशी झटत होते. उठून जावं तर लाज, बसून राहावं तर लाज, अशी गत झाली. एकवीस कलमं लिहिणाऱ्याला स्वतःची गाठ सुटेना.

तेवढ्यात विहिरीकडून श्रुतिका आली. हातात बादली, परकर खोचलेला, केस कुणीतरी वाकडेतिकडे विंचरलेले. सरांना आधी ती ओळखूच आली नाही, इतकी काळवंडली होती. आता ती पप्पा म्हणून धावत येईल, असं त्यांना वाटलं.

ती धावली नाही. तिची नजर त्यांच्या पुढ्यातल्या वळकटीवर गेली, आणि बादली तिनं खाली ठेवली.

“पप्पा, सॉरी,” ती म्हणाली. “मला सुटली नाही.”



मग तिनं सगळं सांगून टाकलं, घाईघाईनं, जणू वर्गात पाठ म्हणून दाखवायचा होता. पहिल्या रात्री ती सगळे झोपेपर्यंत गाठीशी खटपट करत होती. डब्यातल्या चमच्यानं एक सुटली, पण चमचा वाकला. त्याचंही सॉरी. बाकीच्या दोन सुटल्या नाहीत. मुलींनी विचारलं तर तिनं सांगितलं, मला उकडतं, मला फरशीच आवडते. चार रात्री ती तशीच झोपली, उशाला हात घेऊन. घाटावरची फरशी मे महिन्यातही पहाटे बर्फ होते. पाचव्या दिवशी ती खोकायला लागली, तेव्हा आक्कांनी तिच्या अंगाला हात लावून पाहिला आणि समोर बसवून विचारलं. मग आक्कांनी आपली चटई दिली, गोधडी दिली, आणि ही वळकटी कोपऱ्यात ठेवली. म्हणाल्या, ज्यानं बांधली तो येईल तेव्हा सोडील.

“मी कुणालाच त्रास दिला नाही, पप्पा,” ती म्हणाली. “आक्कांना कळलं ते त्यांनी विचारलं म्हणून.”

सरांना वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. कार्ड आठवलं. चौथ्या दिवशी टाकलेलं. म्हणजे तीन रात्री फरशीवर काढून पोरीनं ते लिहिलं होतं, आणि आपण ते दोनदा वाचून दाखवलं होतं... कुणीतरी टाळ्याही वाजवल्या होत्या.

“मीही चार दिवस फसलेच,” आक्का हळूच म्हणाल्या. “चाळीस वर्षं पोरं वळली, आणि उकडतं म्हणाली ते खरं धरलं.”

सरांनी तोंड उघडलं. खूप काही बोलायचं होतं. चूक माझी, असं म्हणायचं होतं. तुला आता घरी घेऊन जातो, म्हणायचं होतं. पण शेवटी जे बाहेर पडलं ते भलतंच होतं, आणि ते बोलताना त्यांचा आवाज चिरकला.

“श्रुती... मलाही सुटत नाहीये गं. जरा मदत करतेस?”

पोरीनं त्यांच्याकडे पाहिलं. पप्पांच्या तोंडून हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. पप्पा थट्टा करतात की काय, म्हणून ती क्षणभर थांबली. मग त्यांची लाल झालेली बोटं तिला दिसली.

ती आक्कांकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, “आक्का, दाभण घेऊ?”

“घे की.”

तिनं खांबाचा दाभण उपटला आणि बापाच्या शेजारी बसली. तुम्ही इथे दाबून धरा, म्हणाली. सरांनी धरलं. तिनं गाठीच्या पोटात टोक घातलं आणि हलवत हलवत एक फेर सैल केला. दुसरा सरांनी ओढला. एक गाठ सुटली. मग दुसरी. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

वळकटी उलगडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. मऊ उशी, जाड चादर, लोकरीची टोपी, आणि घडीत आईनं लपवलेला कागदाचा पुडा. रव्याचे लाडू, पाच. मुंग्यांनी कधीच पोखरलेले.

“लाडू होते होय,” श्रुतिका म्हणाली. “मला माहीतच नव्हतं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिले.

घरी चल म्हणावं, असं त्यांनी मनाशी परत एकदा ठरवलं. पण पोरगी उठली होती. तिचे कपडे भिजत पडले होते, आणि आपले ती आपण धुणार होती. दाभण तिनं जागच्या जागी टोचला, परातीतला एक गरा आक्कांना विचारून उचलला, आणि बादली घेऊन विहिरीकडे चालू पडली. वाटेत वळून तिनं बापाकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं, किंवा तिला वाटलं की पप्पा काही विचारतील. थोडं थांबून ती गेली.

विळीवर फणस चिरल्याचा आवाज तेवढा येत होता.

सरांनी पुस्तिकेची पानं पिशवीत घातली. मग परत काढली. नववं कलम समोर आलं, तेव्हा ती पालथी करून खाली ठेवली. निळी दोरी त्यांच्या हातात होती. तिच्यावर दातांचे वळ उठले होते, त्यांचेच.

बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली. डोळे लाल झाले होते, ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. आता पुस्तिका नव्हती, पालकसभा नव्हती, टाळ्या नव्हत्या. एका बापानं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“आक्का... पोराला पाठवण्याआधी आईबापांनी काय माहीत करून घ्यायचं?”

आक्कांनी तेलाचे हात एकेक बोट करून पुसले.

“मला तीनदा विचारलंत,” त्या म्हणाल्या. “ती विहिरीवरच आहे.”