मोहबोडीचा ठेवगोटा

मी चौथी नापास माणूस. लिहायला बसलो की बोटं आखडतात. तरी नागपूरची ती केतकी उमाळे ऐकत नाही. लपवलेला डबा शोधायचा खेळ खेळायला येणाऱ्या मंडळींना आधी वाचायला मिळावं म्हणून मोबाईलमध्ये घालायचं आहे म्हणे. तोंडी सांगतो म्हटलं, तर म्हणाली, तुम्ही मध्येच शिव्या देता. घ्या तर. शिव्या गाळल्या आहेत. बाकी काही गाळलेलं नाही.

मोहबोडीला आता गाव म्हणायचं ते माझ्यामुळे. खदान बंद पडली, मॅंगनीज संपलं, माणसं गेली, घरांची कौलंही गेली. उरली ती मसणवट. इथं आधी रान होतं. ज्यांनी ते तोडून खदान उघडली ते पहिले मजूर तिथं पुरलेले आहेत. गोंड, महार, कोष्टी, छत्तीसगडकडचे, सगळे एका रांगेत. जिवंतपणी एका विहिरीवर पाणी भरत नव्हते. खदानीनं मेल्यावर सरळ केले.

त्या रांगेच्या शेवटी कंबरेएवढा काळा दगड आहे. तोच ठेवगोटा. त्याच्या माथ्यावर तुम्हाला कंगवा दिसेल, किल्ली दिसेल, बाहुलीचा एक हात दिसेल. कचरा नाही तो. हवं तर एखादी वस्तू उचला, पण तिच्या जागी आपली ठेवा. तुम्ही पोरं जवळच्या चिंचेच्या ढोलीत स्टीलचा डबा लपवता आणि त्यातलं एक घेतलं तर एक ठेवता, तसंच. तुमचा नियम परदेशातून आला म्हणे. आला असेल. आमचा इथूनच आला, आणि फुकट आला नाही.

असं सांगतात, की हा गोटा आधी खदानीच्या तोंडाशी होता. भुयारात शिरण्याआधी प्रत्येक गडी आपली एक वस्तू त्यावर ठेवायचा. जमिनीच्या पोटात जाताना बाहेर आपलं काहीतरी राहिलं पाहिजे, तेच माणसाला परत ओढून आणतं, अशी समजूत होती. वर आला की आपली वस्तू उचलायची आणि घरी जायचं. नियम दोनच. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. आणि एकदा वस्तू ठेवली की आत गेल्याशिवाय ती उचलायची नाही. भीती वाटली, पोट दुखलं, काही चालायचं नाही. ठेवली म्हणजे जायचं.

बायकांनी मात्र आत जायचं नाही. त्यांनी बाहेर माल फोडायचा आणि टोपल्यांनी वाहायचा. त्या कधी काही ठेवत नसत.

एके दुपारी भुयार बसलं. धुळीचा लोट बाहेर आला, त्यामागून खोकत माणसं आली. खदानीचा साहेब घोड्यावरून आला. आणखी खणायला गेलं तर शेजारचं भुयारही बसेल आणि माल जाईल, ही त्याची काळजी. त्यानं मुकादमाला विचारलं, सगळे बाहेर आले का? साहेबाच्या तोंडाकडे बघत मुकादम म्हणाला, "आले साहेब. आत कोणी नाही."

मग साहेबानं हुकूम सोडला, तोंड दगडांनी बुजवा.

गोट्यावर वस्तू तशाच पडलेल्या होत्या. एक पागोटं, एक बासरी, कुणाची तरी कवडी, आणि झंगलू उईकेची चुन्याची डबी. झंगलूची बायको फुलवंता. टोपलं वाहणारी, अंगानं काडी, आवाजानं नगारा. ती पुढं झाली आणि डबीवर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, हे डबी अथीच हाय, म्हंजे झंगलू आत हाय."

"गेला असेल घरी," मुकादम म्हणाला. "चूप राय ना बाई."

"डबी टाकून? लग्नातून परतताना मले विसरून आला होता थो. डबी नाही विसरला!"

तशा वेळीही माणसं हसली म्हणे. साहेब चिडला. हसणं त्याला कळलं, बोलणं कळलं नाही. त्यानं पहारेकऱ्याला सांगितलं, तो दगड साफ कर. दगडावर काही नाही तर आत कोणी नाही. झालं.

पहारेकऱ्यानं पोतं आणलं. डबी उचलून पोत्यात टाकली. फुलवंतानं हातातलं कथलाचं कडं काढलं आणि डबीच्या जागी ठेवलं. त्यानं पागोटं उचललं, तर दुसऱ्या बाईनं डोक्यावरची चुंबळ ठेवली. बासरी उचलली, तिथं तिसरीनं कमरेची चंची ठेवली. पहारेकरी घामाघूम झाला. फुलवंता म्हणाली, "उचल बाप्पा, उचल. तुयं पोतं भरन, आमचे हात नाही सरणार."

तोंड बुजवायला जे गवंडी लावले होते ते हे बघत होते. त्यांतला एक म्हातारा उठला आणि त्यानं आपली थापी गोट्यावर ठेवली. मग पहारी आल्या, घमेली आली. आता भिंत बांधायची तर कशानं?

साहेबाला वाटलं, बाया आपल्या माणसांची आठवण म्हणून वस्तू ठेवताहेत. रडतील आणि जातील. नियम त्याला ठाऊक नव्हता. ठेवली म्हणजे जायचं. फुलवंतानं पदर खोचला, साहेबाच्या घोड्याला वळसा घातला आणि भुयारात शिरली. तिच्यामागं ज्यांनी ज्यांनी ठेवलं ते सगळे. हातांनी खणायला, कारण हत्यारं गोट्यावर होती, आणि गोट्यावरचं उचलायचं नाही म्हणजे नाही. असे अडेलतट्टू लोक. मी त्यांच्यातलाच.

म्हणे मातीनंच त्यांना वाट दिली. मला विचाराल तर माती काही देत नाही, त्यांनी ती ओरबाडून घेतली. नखं गेली, पण आतली माणसं एकेक करून जिवंत बाहेर आली. झंगलूही आला. फुलवंता सर्वांना पुढं घालून मागं राहिली होती. ती दाराशी पोचते न पोचते तोच छत खाली आलं.

ती सापडली नाही. कडं तेवढं गोट्यावर राहिलं.

मुकादमानं पोतं आणून गोट्यापुढं उलटं केलं आणि स्वतः तिथंच पालथा पडला. पोत्यातलं सगळं मिसळून गेलं होतं. तेव्हा झंगलू म्हणाला, "ज्याच्या हाताले जे लागन, ते घ्या. आज कोन कोनाच्या जिवावर निंगाला, मोजाले जाऊ नका. पण घेनाऱ्यानं ठेवून जा. हा गोटा रिकामा दिसला, तर ते म्हंतीन, आत कोनी नव्हतं." आपली डबी त्यानं तिथंच ठेवली. पुढं जन्मभर तंबाखू खाल्ला नाही म्हणतात. हे मला पटत नाही, पण सांगायची रीत आहे.

त्या भुयारात पुन्हा कोणी काम केलं नाही. साहेबानं धमक्या दिल्या, उपास पडले, कोणी गेलं नाही. लोकांनी गोटा ओढत मसणवटीत आणला आणि फुलवंताची जागा म्हणून रांगेत उभा केला. खाली हाड नाही, कडं पुरलेलं आहे. पुढं खदान संपली तेव्हा गाव सोडणाऱ्या प्रत्येकानं इथून दुसऱ्याची एक वस्तू नेली आणि आपली ठेवली.

गेल्या माघात तुमच्यातल्या एकाला फोटो काढायचा होता. त्यानं गोटा हातानं झाडून स्वच्छ केला, सगळं पिशवीत भरून नेलं आणि वाटेत फेकलं. दिवस कलताना मी गेलो तर गोटा उघडा. माझ्याजवळ ठेवायला चष्म्याशिवाय काही नव्हतं. चष्मा ठेवला आणि भिंती चाचपत घरी आलो. दुसऱ्या दिवशी वाटेवरून जेवढं सापडलं तेवढं गोळा केलं. चष्मा उचलला नाही. तो ठेवलेला आहे. केतकीनं नवा करून आणला, तो नाकावर बसत नाही.

आजही ठेवगोटा रिकामा नाही. मी आहे तोवर होणार नाही, आणि मी गेल्यावर माझी काठी तिथं असेल. या, खुशाल या. डबा शोधा. पण येताना खिशात आपलं काहीतरी घेऊन या.

आणि ज्यानं गोटा झाडला, त्याला मी फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तिथं काहीच नव्हतं." त्यानं अजून माफी मागितलेली नाही. त्याचं नाव परितोष देवगडे.