घरटी विणणारा हवा आहे

टाळ्या पडल्या की तुम्हाला कारागीर सापडला असं वाटतं, आणि घरटं कोसळलं की तुम्ही वाऱ्याला दोष देता!

खूप पूर्वी, पक्ष्यांची संमेलनं नुकतीच सुरू झाली होती तेव्हा, रेवू नावाची मुनिया तिथे घरटी विणणारा शोधायला गेली. तिच्या थव्याने तळ्याकाठच्या बाभळीवर नवी वसाहत मांडली होती आणि अंडी घालायला आठच दिवस उरले होते.

मंचावर मोर ‘घरट्यांचं भविष्य’ या विषयावर बोलत होता. त्याने पिसारा उलगडला तसा मांडव टाळ्यांनी भरून गेला. रेवूही भारावली. “यांनाच न्यायचं,” ती पुटपुटली.

तेवढ्यात तिला शेवटच्या रांगेत सुगरण पक्षी दिसला. सगळ्यांच्या गळ्यात नाव लिहिलेलं पान होतं. याने मात्र आपलं पान फाडून त्याच्या पट्ट्या एकमेकींत गुंफल्या होत्या.

“अरे दादा, पान का फाडलंस?”

“भाषण लांबलं गं,” तो ओशाळला. “चोच स्वस्थ बसेना.”

रेवूने ती वीण जोरात ओढून पाहिली. ती सुटली नाही.

“उद्या बाभळीवर येशील?”

शेजारी बसलेली लांडोर हसली. “बरं केलंस, पोरी. आमचे हे बोलतात गोड, पण माझी अंडी अजून जमिनीवरच असतात.”