तानआईची आंबील

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती वर्षं झाली ते वस्तीतली जुनी माणसंही सांगू शकत नाहीत. तेव्हा प्रवरेकाठच्या आमच्या जांबवंडातल्या ख्रिस्ती वस्तीच्या देवळाला घंटा नव्हती. चिंचेच्या फांदीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला असे. शांतवन मास्तर तोच वाजवून लोकांना उपासनेला बोलावत.

त्या वस्तीत तान्हूबाई राहत होती. तिचा नवरा वारला होता. एकच लेक होती, सात वर्षांची. नाव राहेल, पण सगळे तिला राही म्हणत. राही घरात फार बोलकी आणि परक्यात अगदी मुकी, असं म्हणतात. नदीवर जाताना ती आईच्या पुढे पळायची आणि ओढ्यापाशी थांबून राहायची. ओढा एकटीने ओलांडायची तिला भीती वाटे.

एका उन्हाळ्यात गावात पटकी आली. जुलाब, उलट्या, आणि दोन दिवसांत माणूस वाळून जायचं. त्या काळी सगळ्यांची समजूत होती की पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही, पाण्याने रोग बळावतो. राहीलाही पटकीने धरलं. गावात धोंडिबा नावाचे जाणते होते, ते झाडपाल्याचं औषध देत. ते वस्तीपर्यंत आले, पण अंगणात शिरले नाहीत. वस्तीच्या हातचं पाणी तेव्हा गावाला चालत नसे. बाहेर उभे राहूनच ते म्हणाले, "तान्हे, पोर जगवायची असंल तर थेंबसुदिक पाजू नको. लई मागंल ती. मन घट कर."

तान्हूबाईने मन घट्ट केलं. राही दिवसभर "आई, पाणी" म्हणत राहिली. कोपऱ्यातला माठ तिला दिसत होता, म्हणून आईने त्याच्यावर गोधडी टाकली. दिवस मावळताना राहीचा आवाज थांबला.

धोंडिबांच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना तेवढंच ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून तान्हूबाई पोटभर पाणी प्यायली नाही. ओठ ओले करायची आणि तांब्या खाली ठेवायची. देवळात आली तरी दाराशी बसायची, गायची नाही. एकदा तिने मास्तरांना विचारलं, "मास्तर, वर पानी असतं का वो?"

"वर कशाचीच उणीव नाही, तान्हूबाई."

"आसंल. पर माजी राही हितनं तानेली गेली. परक्यात ती तोंड उघडायची न्हाई. तिथं कुनाला मागंल?"

मास्तरांनी पुष्कळ शास्त्र वाचलं होतं. तरी ते नुसते तिच्याजवळ बसून राहिले.

मग उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. देवळात सगळे उपाशीपोटी बसले होते. मास्तर प्रभूच्या मरणाची कथा वाचत होते. क्रुसावर प्रभूला तहान लागली, हे त्यांनी वाचलं आणि दाराशी बसलेली तान्हूबाई उभी राहिली.

"कुनाला लागली तान?"

"प्रभूला."

"देवाला? आन् मंग?"

"मग कोणीतरी आंब घेतली आणि त्याच्या ओठांना लावली."

आंब म्हणजे आंबट झालेला द्राक्षारस. पण आमच्या जांबवंडात द्राक्षारस कोणी पाहिला होता? तान्हूबाईला ऐकू आलं, आंबील. ज्वारीचं पीठ भिजवून आंबवायचं, पाण्यात पातळ शिजवायचं आणि वर मीठ घालायचं, ती आपली उन्हाळ्यातली आंबील. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. राही गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

दुसऱ्या दिवशी ती आंबिलीचं मडकं घेऊन देवळाच्या पायरीशी आली. लोक हसले. मास्तरांनी समजावलं, "अगं, आंबील नव्हे, आंब. आंबट रस असतो तो."

"मंजी आंबीलच की वो, आंबट झाल्याली!"

"ती पाजणारे शिपाई होते तान्हूबाई, त्याला मारणारे."

"आसू द्या. त्यांच्यात एक तरी निगाला तानेल्याला पाजनारा. मी आई आसून मला जमलं न्हाई." मग ती हळूच म्हणाली, "मास्तर, ज्याला सोताला तान लागली, त्यो माज्या राहीला मागाय लावनार न्हाई. तिच्या तोंडाकडं बगूनच त्याला कळंल. कळंल ना?"

"कळेल," मास्तर म्हणाले. त्यांनी ओंजळ पुढे केली आणि तिच्या मडक्यातली पहिली आंबील ते स्वतः प्यायले.

त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात ती चिंचेखाली मडकं घेऊन बसू लागली. वाटसरू थांबत, करवंटीभर पीत आणि पुढे जात. प्रत्येकाला ती विचारायची, "पुरे का? आनखी देऊ?" आणि तो "पुरे" म्हणाला की त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. राहीच्या तोंडून तिला हाच शब्द ऐकायचा होता.

काही वर्षांनी पटकी पुन्हा आली. कोणी काही म्हणो, तान्हूबाई घरोघर मडकं घेऊन फिरली. उकळलेली, मिठाची पातळ आंबील ती रोग्याच्या तोंडात घोट घोट सोडायची. त्याने ओकून टाकली तरी पुन्हा सोडायची. वस्तीतली तीन माणसं तिसऱ्या दिवशी उठून बसली. गावात मात्र रोग्यांना पाणी बंदच होतं.

एका सकाळी धोंडिबा वस्तीत आले. या वेळी ते अंगणाबाहेर थांबले नाहीत, थेट चुलीपाशी आले. "तान्हूबाई," ते म्हणाले. आजवर त्यांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. "माजी नात, सुंद्री. तू चल."

शेजारची सोनाबाई फटकन बोलली, "का वो जाणते? आता न्हाई का बाटत?"

"सोने, गप," तान्हूबाई म्हणाली आणि मडकं उचललं.

सुंद्रीचे डोळे आत गेले होते. धोंडिबांनी स्वतः वाटी धरली आणि तान्हूबाई पाजत राहिली. मडकं केवढं, तर चार माणसांना पुरेल एवढं. पण सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ते रितं झालं नाही, असं म्हणतात. मावळतीला सुंद्रीने डोळे उघडले, वाटी हाताने बाजूला सारली आणि म्हणाली, "पुरे गं आई."

घरातल्यांनी सुंद्रीचा आवाज ऐकला. तान्हूबाईने राहीचा ऐकला.

"प्याली," ती म्हणाली. "पोटभर प्याली गं माजी." मग तिने धोंडिबांकडे पाणी मागितलं. त्यांनी आपल्या हाताने भरलेला तांब्या तिला दिला, आणि इतक्या वर्षांनी ती पोटभर पाणी प्यायली.

पुढे लोक तिला तानआई म्हणू लागले. आमच्याकडे तहानेला तान म्हणतात. ती खूप म्हातारी झाली, तरी राही गेल्यापासून लागलेली ओढ्याकडे बघत बसायची तिची सवय गेली नाही. एका उन्हाळ्यात भर दुपारी ती मडकं घेऊन ओढ्याकडे गेली आणि परत आली नाही. लोक शोधायला गेले. ओढा ठणठणीत कोरडा होता. मडकं अलीकडच्या काठावर होतं, आणि पलीकडे तापलेल्या वाटेवर ओल्या पावलांचे ठसे होते, एक मोठी जोडी आणि एक लहान. काठापर्यंत एकीचे आणि पलीकडे दोघींचे, असं म्हणतात.

आता देवळाला घंटा आहे. पण उत्तम शुक्रवारी ती वाजत नाही, रूळच वाजतो. उपासना संपली की चिंचेखाली आंबिलीचं मडकं येतं. सकाळपासून कोणाच्या पोटात पाण्याचा थेंब नसतो, ऊन डोक्यावर असतं, तरी कोणी पुढे होत नाही. आधी सात वर्षांची एक मुलगी बसते. ती वस्तीतली असो नाहीतर गावातली, कोणाच्याही घरची चालते. तिला पहिली वाटी देतात, मग दुसरी. कधी पोर मुद्दाम हळूहळू पिते आणि वाटीआडून सगळ्यांकडे बघून हसते. तिला कोणी घाई करत नाही. म्हातारी माणसंही उभीच असतात. धोंडिबांच्या घरातलं कोणीतरी वाटी धरून असतं.

ती "पुरे गं आई" म्हणेपर्यंत सगळं गाव तहानलेलं थांबतं.