गावास पुरले

“इथं आणखी कोण कोण येऊन गेलं, शाहजी?”

हेमांगीनं विचारलं खरं, पण उत्तराकडे तिचं लक्षच नव्हतं. लक्ष कुदळीवर होतं.

कुदळ तिनं मागितली नव्हती. आपण कशासाठी आलो तेही अजून धड सांगून झालं नव्हतं. तोवर म्हातारा फकीर आत जाऊन कुदळ घेऊन आला आणि तिच्या पुढ्यात ठेवून मोकळा झाला. कुदळीच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली होती. पट्टी कापून, तिरकी, एकावर एक. शेवटी लाल दोऱ्याचे तीन वेढे.

तिच्या घरी सुरीला अशी ट्यूब होती. छत्रीला होती, खुरप्याला होती. आई वडलांना म्हणायची, “उद्या माझ्याही मनगटाला गुंडाळाल.”

तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. मग तिनं स्वतःची समजूत घातली. ट्यूब काय, कुणीही गुंडाळतं.

“येतात,” लतीफशा म्हणाले. “तुझ्यासारखेच येतात. कागद घेऊन.”

कागद अजून तिच्या पर्समध्येच होता. तिनं पर्स छातीशी धरली.

कोळदऱ्याचा तकिया म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी एक कबर, एक चिंच आणि एक पत्र्याची खोली. मागं मुरमात खणलेली जुनी पेवं. तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. पूर्वी गावाचं धान्य त्यांत राहायचं, आता पाली राहत होत्या. लतीफशांना सगळा मुलूख ‘बाबा’ म्हणायचा. हेमांगीच्या तोंडून तेवढं निघत नव्हतं. बाबा हा शब्द तिच्यापाशी एकाच माणसासाठी होता, आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वी गेला होता.

तिनं कागद उलगडला.

“मोडीत आहे. मी वाचून दाखवते.”

“दाखव.”

“‘हैबतीने आणिले सोने गावास पुरले.’”

हैबती नाईक हा कंपनी सरकारच्या अमदानीतला बंडकरी. साहेबाचा खजिना त्यानं घाटात लुटला, सोनं घोड्यावर लादलं आणि तो या टेकडीत शिरला. पुढं तो फासावर गेला, पण सोनं कुणाच्या हाती लागलं नाही. त्या भागात शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं.

“गावास म्हणजे?” लतीफशांनी विचारलं.

“गावात. जुन्या भाषेत तसंच लिहीत. ‘पुण्यास असतो’ म्हणतात ना, तसं. गावास पुरले. म्हणजे इथंच गाडलं.” आवाजात नको तेवढी ऐट आली, हे तिलाही कळलं. तरी ती म्हणालीच, “मोडीच्या परीक्षेत मी कॉलेजात पहिली आले होते.”

“मी पहिलीतच बसलो होतो. दोनदा.”

तिला हसावं की नाही ते कळेना.

“वडलांना यायचं वाचता?”

ती दचकली. “वडलांचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कागद जुना आहे. तू नवी आहेस.”

...

मग तिला सांगावंच लागलं. तिचे वडील, ढवळे मास्तर, शाळेत मराठी शिकवत आणि रविवारी टेकड्या खणत. अकरा वर्षं. गावानं त्यांचं नाव खड्डेमास्तर ठेवलं. तेराव्याच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी ते नाव काढलं आणि पंगत हसली. हेमांगीच्या हातात तेव्हा वरणाचं पातेलं होतं. ती तशीच वाढत पुढं गेली होती.

“मला सोनं घरी न्यायचं नाही. सरकारजमा झालं तरी चालेल. एकदा फक्त दाखवायचंय लोकांना. म्हणजे ते नाव पुसलं जाईल.”

“अकरा वर्षं खणलं. मग?”

“मग सोडून दिलं. एका रविवारी रिकाम्या हातानं घरी आले. कुदळसुद्धा...”

ती थांबली. पुढ्यातल्या कुदळीकडं तिला बघवेना.

“बोल.”

“कुदळसुद्धा नव्हती हातात. आईला म्हणाले, वाढ. पोटभर जेवले. पुन्हा कधी गेले नाहीत. आम्हाला वाटलं, हरले.” तिनं न बघताच दांड्याला हात लावला. “शाहजी, ही कुदळ...”

“शेवटचं काय बोलले?”

“‘पुरलं.’ एवढंच. मी विचारलं, कुठं पुरलं? पण तोवर डोळे मिटले होते.”

“तू काय करत होतीस तेव्हा?”

“हा कागद घेऊन बसले होते. हातात पेन होतं. ठिकाण सांगतील म्हणून.”

“आणि आई?”

“आई चमच्यानं पाणी पाजत होती.”

लतीफशांनी मान हलवली. 

“शिकलेली आहेस,” ते म्हणाले. “चल. हैबतीचं पेव दाखवतो.”

पेवाच्या तोंडाशी त्यांनी कंदील पेटवला. दुपारचं ऊन डोक्यावर होतं.

“उन्हात कंदील कशाला?”

“बंद पेवात हवा कुजते. दिवा जगला तर माणूस जगतो.”

दोरीला बांधून कंदील खाली गेला. ज्योत एकदा बारीक झाली, मग सरळ उभी राहिली. लतीफशांनी बांबूची शिडी सोडली, मागोमाग कुदळ खाली टाकली.

“जा. पहिली आलेली आहेस.”

ती उतरली.  एक पाल भिंतीवरून सरसरत गेली तशी तिनं शिडीला मिठीच मारली. वरून लतीफशा म्हणाले, “ती जुनी राहणारी आहे. तिला बिचकू नकोस, तीच तुला बिचकली.”

खाली गारवा होता. पेवाचं पोट खोलीएवढं मोठं. तिनं पदर खोचला आणि कुदळ उचलली. दांडा हातात बसला. मूठ कुठं धरायची, ते तिच्या तळव्याला आधीच ठाऊक असल्यासारखा.

चौथ्या घावाला मुरमाचा पापुद्रा फुटला.

खालून काळं काहीतरी भसाभसा वर आलं. तिनं ओंजळ भरून कंदिलापाशी नेली.

जोंधळा. जुना, काळा पडलेला, हातात धरताच भुगा होणारा. ती आणखी खोल गेली. जोंधळा. बाजूला खणलं. जोंधळाच.

आणि वर काहीतरी खरखरलं.

तिनं मान वर केली. शिडी वर चालली होती. तिनं झेप घेतली, पण शेवटची पायरी तिच्या बोटांना नुसती चाटून वर गेली.

“शाहजी, शिडी... अहो, मी खाली आहे.”

शिडी पुरती वर गेली.

“अहो शाहजी.”

वर आभाळाची गोल चकती होती. चिंचेचं एक पान गिरक्या घेत खाली आलं.

“महाराज... चुकलं असेल माझं काही, पण शिडी सोडा. ऐकू येतंय का?”

तिचाच आवाज पेवात फिरून तिच्या कानाशी आला.  इथं आल्याचं तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. फोन वर, पर्समध्ये. तिनं पुन्हा हाका मारल्या. शाहजी, महाराज, कुणी आहे का. मग नुसतंच ओ, ओ. घसा बसला.

निदान पाय रोवायला एखादी खोबण तरी असेल, म्हणून तिनं कंदील उचलला आणि भिंतीलगत फिरवला.

खोबण नव्हती. अक्षर होतं.

पांढऱ्या खडूचं. ‘र’ची शेपटी लांब ओढलेलं, फळ्यावरचं अक्षर.

तिनं कंदील जवळ नेला.

हैबतीने आणिले सोने गावास पुरले.

त्याखाली, नववीच्या वर्गाला लिहून द्यावं तसं :

पुरणे – (१) गाडणे. (२) पुरेसे होणे.

दोनवर बरोबरची खूण. बाजूला बारीक अक्षरात, ‘दुष्काळ. सोने देऊन जोंधळा आणिला. पेवे भरली.’ आणि मास्तर वह्या तपासून करत तशी तिरकी सही. खाली तारीख. ते रिकाम्या हातानं घरी येऊन पोटभर जेवले, त्या रविवारची.

तिनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

तिसऱ्यांदा वाचताना तिला आईच्या हातातला चमचा दिसला. एक चमचा पाणी गेलं होतं. दुसरा त्यांनी ओठांनीच मागं सारला होता. मग ते बोलले होते. तिच्याकडं बघून, अगदी स्वच्छ.

आणि तिनं विचारलं होतं, कुठं?

 ती त्या काळ्या जोंधळ्यात बसली. रडू येईल असं वाटलं, तेही आलं नाही.  जवळ ती कुदळ पडली होती, लाल दोऱ्याचे तीन वेढे वर करून.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

मग तिनं वर पाहिलं आणि बसलेल्या घशातून हाक मारली. या वेळी शाहजी नाही, महाराज नाही.

“बाबा...”

कुणाला मारली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आभाळाच्या चकतीत एक डोकं आलं. शिडीचं टोक सावकाश आत शिरलं आणि अर्ध्यावर थांबलं.

“पुरलं?” लतीफशांनी विचारलं.