खांबेटे साहेबांचा प्रश्न

नागपूरच्या एका जाहिरात कंपनीचे व्यवस्थापक खांबेटे यांचा तोरा मोठा. एका संध्याकाळी त्यांनी आपल्या माणसांना शहरातल्या उंची कॉकटेल बारमध्ये नेलं. कोणी काय प्यायचं, ग्लास कसा धरायचा, हेही त्यांनीच ठरवलं. मग म्हणाले, "इथे मी साहेब नाही, तुमचा मित्र आहे. माझ्याबद्दल खरं काय वाटतं ते सांगा. घाबरू नका."

एकेकाने तोंडभरून स्तुती केली. शेवटी शर्वरीची पाळी आली. बोलण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे.

"साहेब," ती म्हणाली, "मित्राला 'घाबरू नका' असं सांगावं लागत नाही."

टेबलभर हशा पिकला. खांबेटेही हसले आणि ग्लास खाली ठेवत म्हणाले, "बरोबर आहे. आज मी राजीनामा दिला. जाण्याआधी एकदा विचारून पाहिलं, इतकंच."

हशा विरला. तिच्या वडिलांच्या आजारपणात याच माणसाने तिचं काम गाजावाजा न करता स्वतः केलं होतं, हे शर्वरीला आठवलं. ते सांगायला तिने तोंड उघडलं; पण आता ते नुसतं समजूत घालणं वाटलं असतं. तिने ग्लास ओठांना लावला.

तिच्या उत्तराचं कौतुक ऑफिसात पुढे कितीतरी दिवस चाललं. दर वेळी तिची मान खाली जाई.