फागोजी पाटलाने मारलेली हाक

काठोबा महाराज तेव्हा खैरबोडीच्या तळ्यावर मुक्कामाला होते. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. काठावर राहतात म्हणून काठोबा. पाळीवरच्या, म्हणजे तळ्याच्या बांधावरच्या, जांभळाखाली बसायचे आणि पाण्याकडे बघून हसायचे. “एवढं काय दिसतं, महाराज?” असं कुणी विचारलं, तर महाराज म्हणत, “अरे, सकाळी डोळे उघडले की हे इथंच असतं. रात्रीतून कुठं निघून जात नाही. आणखी काय पाहिजे?”

बाळ आणि बाळंतीण सुखरूप आहेत.

हे आधीच सांगून टाकलं, भाविकहो, म्हणजे पुढे धुकं आलं की कुणी घाबरायचं नाही. फागोजी पाटलाला मात्र हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. त्याची गोष्ट आता ऐका.

गावात महाराजांवर जीव लावून बसलेला माणूस म्हणजे डोमा धिवर. मासे धरायचा, शिंगाडे काढायचा, खोडातून कोरलेल्या डोंग्यातून लोकांना पलीकडे सोडायचा. त्याच्या घराण्याची एक रीत होती. डोंगा लोटण्याआधी ओंजळभर पाणी कपाळाला लावायचं आणि तळ्याला मोठ्याने म्हणायचं, “पावली वं माय!” जाळं अजून कोरडं, मासा अजून पाण्यात, आणि आभार आधीच!

फागोजीला याचं हसू यायचं. चार माणसं जमली की तो डोमाला हाक मारी.

“ताट वाढलं नाई, अन् हा ढेकर देऊन राह्यला! काय बे डोमा, आज तुझ्या मायनं काय वाढलं?”

“पाणी वाढलं जी, पाटील.”

“पाणी तं म्हशीलेही वाढते.”

“हो जी. म्हणून तं तिचंही तोंड हसरं असते.”

लोक हसत. नक्की कुणाला हसले, हे फागोजीला घरी पोचेपर्यंत कळत नसे.

पौषातली सकाळ होती. फागोजीची लेक सुभद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि पहाटेपासून अडली होती. आई लहानपणीच गेलेली. फागोजीनेच तिला वाढवलेलं. बयाबाई सुईण राहायची तळ्यापलीकडच्या टोलीवर, चार घरांच्या वस्तीत. पाळीवरून फिरून जायचं तर दुपार झाली असती. फागोजी धावत काठावर आला.

डोमा तिथंच होता, पण त्याचा घसा पार बसला होता. महाराजांपुढे रात्रभर भजनं म्हटली होती त्याने. ओठ हलत, आवाज निघत नसे. महाराज त्याला सकाळीच म्हणाले होते, “बरं झालं, डोमा. आज दुसऱ्याला म्हणू दे.” आणि हसले होते. का हसले, ते डोमाला उमगलं नव्हतं.

डोमा पाण्याकडे वाकला. ओंजळ भरली. फागोजीने त्याचा हात झटकला.

“नाटक परत आल्यावर कर! लोट डोंगा!”

डोंगा लोटला गेला. न म्हणता.

जाताना सगळं नीट झालं. बयाबाई लगेच निघाली. परतीच्या अर्ध्या वाटेवर मात्र धुकं उतरलं. डोंग्याचं पुढचं टोक दिसेना. मागे डोमा वल्हं मारत होता, तोही दिसेना. शेजारून शिंगाड्याचा एक तुटका वेल तरंगत गेला. बऱ्याच वेळाने पुन्हा एक वेल आला.

तोच वेल!

डोंगा गोल फिरत होता. आणि खाली तळ्याची सगळ्यात खोल जागा.

फागोजी उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला. “बसा न् जी,” बयाबाई म्हणाली, “डोंगा उलटवता का? निघताना म्हटलं होतं ना?”

“काय?”

“पावली वं माय.”

फागोजीने धुक्याकडे तोंड फिरवलं.

“मंग आता म्हणा. डोमाचा गळा बसला. मी तं पाहुणी. लेक तुमची अडली.”

“आंधी काठ तं दिसू दे! मंग शंभरदा म्हणतो.”

“काठ दिसल्यावर तं कोणीबी म्हणते, पाटील.”

फागोजीने पाण्यात हात घातला. पौषातलं पाणी, पण कोमट. त्याला आठवलं, याच पाण्यात त्याने सुभद्रेला पोहायला शिकवलं होतं. पोटाखाली हात धरला होता, हळूच काढून घेतला होता, आणि पोर तरंगली होती. केवढी हसली होती! तोही हसला होता. जन्मभर हे पाणी प्यायला, यातच न्हाला, यावरून येणारा वारा अंगावर घेत झोपला. एका शब्दाने कधी काही म्हटलं नाही.

त्याने ओंजळ कपाळाला लावली.

“पावली...” आवाज फाटला. “पावली वं माय!”

मागणं एकही सुचलं नाही.

“अरे, इकडे!”

धुक्यात काठोबा महाराज उभे होते. पाणी दोन पुरुष खोल, आणि महाराज त्यात कमरेपर्यंतच! त्यांनी हात केला आणि वळून चालू लागले. डोमाने वल्हं मारलं. महाराज पुढे, डोंगा मागे. मग टोक काठाच्या चिखलात रुतलं. समोर कुणी नव्हतं.

बयाबाई घरात शिरली. दार लागलं. फागोजी अंगणात येरझारा घालत राहिला. आणि आतून रडणं आलं, बारीक, चिडकं, जिवंत! एवढा मोठा श्वास फागोजीने सोडला की शेजारची कोंबडी उडाली.

ओसरीवर महाराज बसले होते. फागोजी म्हणाला, “महाराज, तुम्ही तळ्यात आले नसते तं...”

“तळ्यात?” शेजारीण म्हणाली. “तुम्ही गेले तवापासून इथंच बसून हायेत जी. दाराशी बसून सुभद्रेले धीर देऊन राह्यले होते.”

मग सगळ्यांनीच पाहिलं. महाराजांचं धोतर कमरेपर्यंत ओलं होतं. खाली थारोळं साचलं होतं, आणि गुडघ्याला शिंगाड्याचं पान चिकटलं होतं.

फागोजीने पाय धरायला हात पुढे केले. महाराजांनी पाय पोटाशी घेतले.

“माझे मग. आधी त्याचे.”

फागोजी पाटील डोमा धिवराच्या पायांवर वाकला. “नको, नको” म्हणायला डोमाने तोंड उघडलं, पण आवाज कुठला! बिचारा नुसते हात हलवत राहिला. लोक हसले. या वेळी फागोजीही हसला.

“दर्शनं झाली असतील तं पाणी आणा कोणी!” आतून बयाबाई ओरडली. “बाळाले न्हाऊ घालायचं हाय!”

गडी उठले, पण घागर फागोजीने उचलली. काठावर धुकं विरत होतं. तो पाण्यापुढे वाकला तसं डोक्यावरचं पागोटं तळ्यात पडलं आणि तरंगू लागलं. फागोजीने आधी हात जोडले. मग पागोट्यामागे पाण्यात उतरला.